अर्थिंगच्या खड्ड्यापासून घरच्या चार्जरपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका लहानशा दुकानात झाली. वडील कलाभवनातून विद्युत शाखेचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, मकरपुऱ्यातील कारखान्यात त्यांनी काही वर्षे नोकरी केली आणि मग मोटर रिवाइंडिंग व घरगुती वायरिंगची कामे स्वतंत्रपणे घ्यायला सुरुवात केली. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन उभारले ते या शहरात हातांत कसब असलेली माणसे घडावीत म्हणून, आणि आपण तिथले विद्यार्थी असल्याचा वडिलांना फार अभिमान होता. कोणत्याही घराचे काम हाती घेताना ते आधी अर्थिंगचा खड्डा, म्हणजे गळती करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, पाहायला जात. त्या वेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटे. आज आमचा निम्म्याहून अधिक व्यवसाय त्याच सवयीवर उभा आहे.

गुजरात सरकारने जून 2021 मध्ये विजेवरील वाहनांचे धोरण जाहीर केले आणि बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे 10,000 रुपयांचे अनुदान देऊ केले, तेव्हापासून आमच्याकडे चौकशी वाढली. प्रथम स्कूटरवाले आले; त्यांना पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा एक पॉइंट हवा असे. त्यानंतर मोटारी आल्या आणि कामाचे स्वरूप पालटले.

भिंतीवर बसवलेल्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, परंतु घरच्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीतच असतो. भिंतीवरची पेटी गाडीला किती अँपिअर घेता येतील ते कळवते आणि सारे ठीक असेल तरच पुरवठा सुरू करते. त्यामुळे गाडीतील चार्जर 3.3 किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर 7.4 किलोवॅटची पेटी लावूनही गाडी लवकर भरत नाही. 30 किलोवॅट-तासांची बॅटरी रिकामी असेल, तर अशा गाडीला रात्रीचे नऊ-दहा तास लागणारच. हे सांगितल्यावर काही ग्राहकांनी मोठी पेटी घेण्याचा विचार सोडला आणि आमची विक्री तेवढी कमी झाली, तरी त्याच ग्राहकांनी पुढे आपले शेजारी आमच्याकडे पाठवले.

सुरुवातीच्या काळातील एक चूक इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. एका बंगल्यात आम्ही 32 अँपिअरचा चार्जर बसवला, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली, सारे नियमाप्रमाणे केले. मात्र आयसोलेटरच्या (पुरवठा तोडण्याच्या स्विचच्या) एका टर्मिनलचा स्क्रू पुरेसा आवळला गेला नव्हता. गीझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो, पण गाडी तोच भार सलग चार-पाच तास ओढत राहते. महिनाभराने जळका वास येत असल्याचा फोन आला. जाऊन पाहिले तर टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते आणि केबलचे इन्सुलेशन बोटभर लांब कडक झाले होते. आम्ही तो सगळा भाग स्वखर्चाने बदलून दिला. तेव्हापासून प्रत्येक टर्मिनल ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरनेच आवळले जाते आणि एका महिन्याने आमचा माणूस विनामूल्य तपासणीला जातो.

तथापि, माझ्या मनावर सर्वांत खोल परिणाम रावपुऱ्यातील एका जुन्या वाड्यातील कामाने केला. तिथल्या निवृत्त शिक्षक काकांची तक्रार अशी होती की, नव्या गाडीने आधी चार्ज घ्यायला नकार दिला, मग कोणा कारागिराने काहीतरी करून दिले आणि ती चार्ज होऊ लागली, पण त्यांच्या मनातली शंका जात नव्हती. मी सॉकेटचे झाकण उघडले. आत अर्थची पिन आणि न्यूट्रल यांना जोडणारा दोन इंचांचा हिरवा तुकडा होता. वाड्याला अर्थिंगच नव्हते, म्हणून गाडीला फसवण्याची ही युक्ती योजलेली होती. बाहेर कुठे न्यूट्रल तुटली असती, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यात करंट उतरला असता, आणि काकांची नात रोज त्याच गाडीला टेकून बूट घालत असे. मी म्हणालो, "काका, खड्डा होईपर्यंत ही गाडी इथे लावू नका." त्यांनी चार दिवस गाडी बाहेर चार्ज केली, आम्ही चौकात नवा खड्डा घेतला, आणि पूर्वीचा तो तुकडा मी आजही दुकानात नव्या मुलांना दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे.

याच कारणाने आम्ही आता आधी अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर लावतो आणि त्यानंतर दर सांगतो. रीडिंग 5 ओहमच्या आत आल्याशिवाय चार्जर बसवायचा नाही, हा आमचा नियम आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत ही मोजणी पावसाळ्यात चांगली येते आणि मे महिन्यात बिघडते, कारण माती आकसून खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून पावसाळ्यात केलेल्या कामाची उन्हाळ्यात फेरतपासणी करतो. जोडीला आरसीसीबीचाही, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचाही, प्रश्न असतो. घरात सामान्यतः असणारा 'टाइप एसी' आरसीसीबी गाडीकडून डीसी गळती झाल्यास आंधळा होऊ शकतो, म्हणजे गळती असूनही तुटत नाही. चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए, नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी वापरावा लागतो. टाइप बी महाग आहे, आणि ग्राहक तिथेच घासाघीस करतात, पण या एका बाबीत आम्ही तडजोड करत नाही.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला आणि शहरातील कितीतरी पार्किंगमध्ये पाणी शिरले. पावसाच्या सरी सोसणारी पेटी पाण्यात बुडाल्यावर टिकत नाही. त्या आठवड्यात आम्ही नव्या कामाला हात लावला नाही. दिवसभर फोनवर एकच सांगत होतो की, मुख्य स्विच बंद ठेवा आणि पाणी ओसरले तरी आम्ही येऊन इन्सुलेशन तपासेपर्यंत काहीही सुरू करू नका. आता सखल भागात काम असेल, तर त्या पुराची भिंतीवरची खूण विचारून घेतो, पेटी तिच्या वर बसवतो आणि तेवढी उंची शक्य नसेल तर एमसीबी व आरसीसीबी निदान पहिल्या मजल्यावर नेतो.

सध्या आम्ही सहा जण आहोत. वीज कंपनीकडून ग्राहकाचा मंजूर भार वाढवून घेण्याचे अर्ज माझी पत्नी पाहते, कारण 7.4 किलोवॅटचा चार्जर आणि दोन एसी एकत्र चालले की जुनी जोडणी पुरत नाही. वडील आता दुकानात येत नाहीत, पण मे महिन्यातील रीडिंगची वही संध्याकाळी त्यांना नेऊन दाखवावी लागते. मागच्या वेळी त्यांनी दोन घरांच्या आकड्यांवर पेन्सिलीने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या दोन्ही घरी पुन्हा गेलो.