बॅटरी उतरत नव्हती

“मिस्त्री, ही बी गेली बगा.”

मामांनी बॅटरी काउंटरवर ठेवली आणि खांद्यावरच्या टॉवेलानं हात पुसले. दहाच दिवसांपूर्वी मीच त्यांना ही नवी बॅटरी दिली होती. १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवरची. त्याआधी त्यांनी तालुक्यातल्या एका दुकानातून दोन घेतल्या होत्या. म्हणजे एकाच हंगामात ही तिसरी.

शिवाजी उद्यमनगरात आमचं दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. डायनामो, अल्टरनेटर, सेल्फ, मोटर वायंडिंग, आणि त्या जोडीनं बॅटरी. ट्रॅक्टर येतात, जीप येतात, ऊस वाहणाऱ्या ट्रक येतात. होडीचं काम मात्र माझ्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. मामा काळम्मावाडीच्या धरणात मासेमारी करतात. त्यांच्या मेहुण्यानं मालवणकडून एक जुनं फिश फाइंडर आणून दिलेलं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेल्या आवाजावरून मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. घरातली पोरं त्याला ‘माशांचा टीव्ही’ म्हणतात. मामांना त्यात मासे बघायचे नव्हते. त्यांना तळ बघायचा होता.

ते का, हे आधी सांगितलं पाहिजे. दूधगंगेवर धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावठाणं, शेतं, बांध, झाडं सगळं पाण्याखाली गेलं. झाडं तोडली, पण बुंधे राहिले. पाणी जसं उतरेल तशी वेगवेगळ्या ठिकाणची खुटं आणि दगडी बांध जाळ्याच्या वाटेत येतात. एकदा जाळं अडकलं की ओढून फाडायचं नाहीतर कापून सोडायचं. मामांची त्या वर्षी चार जाळी गेली होती. तळ दिसला तर जाळं वाचेल, इतका साधा हिशोब, आणि म्हणून ते यंत्र त्यांना जिवापाड हवं होतं.

तक्रार एकच. सकाळी चालतं, दुपारी चालतं, “तिन्हीसांज झाली की मरतंय.” बटण दाबलं की पडदा उजळतो, कंपनीचं नाव येतं आणि परत काळोख. पहिल्या वेळी मामांच्या भाच्यानं यंत्राच्या पिनेवर मीटर लावून बघितलं, तर ११ व्होल्ट. त्या आकड्यावर दुकानदारानं निकाल दिला की बॅटरी चार्ज धरत नाही. १२ व्होल्टची बॅटरी ११ ला आली म्हणजे ती पार रिकामी, यात त्याचं चूक काही नव्हतं. पहिली बॅटरी भंगारात किलोवर गेली. दुसरीचंही तेच झालं, फक्त ती मामांनी गोठ्यात ठेवून दिली. मग ते कोल्हापूरला माझ्याकडं आले आणि मीही काही न विचारता तिसरी विकली. मच्छीमारांच्या संस्थेकडून उचल घेऊन त्यांनी पैसे भरले होते. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून ती गोष्ट मनातून गेली नाही.

त्या दिवशी मी बॅटरीची झाकणं उघडून हायड्रोमीटर लावला. सहाही कप्प्यांत ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, १२५० च्या आसपास. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १२६५ च्या घरात असते. म्हणजे ही बॅटरी थोडी वापरलेली, बाकी ठणठणीत. लोड टेस्टर लावला, तिथंही पास. यंत्र मामांनी सोबत आणलेलंच होतं. ते पॉवर सप्लायवर लावलं, ट्रान्सड्युसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, पाण्याच्या बादलीत सोडला आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी येऊन बघतो तर पडदा तसाच उजळ. बादलीत यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं, ते खोली नीट मोजतं का हे कळत नाही. पण जिवंत होतं. बॅटरीही जिवंत. मग पाण्यावर गेल्यावर मरतं कोण?

गल्ल्यावरच्या वहीत मी हिशोब मांडला. यंत्राला साधारण १ अँपिअर. मामा संध्याकाळी जाळी टाकताना एलईडीचा दिवा लावतात आणि त्याच वायरवर मोबाइल चार्जिंगला, मिळून सव्वादोनच्या आसपास. सगळं धरून सव्वातीन अँपिअर. पाच तास चालवलं तरी १६ अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतले अर्धेसुद्धा नाहीत. आणि मामांचं यंत्र तर सातला दिवा लावल्याबरोबर बंद पडत होतं. पाच तासांनी नव्हे, पाच सेकंदांत. हा हिशोब मी तिसरी बॅटरी विकायच्या आधी करायला हवा होता.

मामांना फोन केला. “वायर किती लांब आहे?”

“बॅटरी मागं, इंजनाजवळ. टीव्ही पुढं, मी जाळं सोडतो तितं. असंल की धा-बारा हात.”

“कसली वायर?”

“घरातलीच हुती. बेलची.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान पोरावर सोपवून निघालो. पिशवीत अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे थिंबल, ते दाबायचा क्रिंपिंगचा पाना, दोन फ्यूज होल्डर, मल्टिमीटर. बिद्रीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, त्यात पाऊण तास गेला. धरणाकाठी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ते एका अर्थी बरंच झालं, कारण मला संध्याकाळच हवी होती.

होडी फायबरची, मागं दोरी ओढून चालू करायचं छोटं इंजिन. या इंजिनावर चार्जिंगची सोय नसल्यामुळं बॅटरी घरून भरून आणायची. वायर बघितली आणि अर्धं उत्तर तिथंच मिळालं. अर्धा स्क्वेअरची, दोन पदरी, केसासारखी. पुढं सहा मीटर आणि मागं सहा मीटर, वीज दोन्ही पदरांतून फिरते, म्हणजे बारा मीटर तांबं. एवढ्या बारीक वायरीचा रोध बारा मीटरला जवळपास अर्धा ओहम होतो. मध्ये एक जोड होता, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली. मी टेप उलगडणार होतो, पण थांबलो. आधी सगळं आहे तसंच मोजायचं ठरवलं.

पाण्यात गेलो. भाचा इंजिनावर, मामा पुढं, मी मधल्या फळीवर. मला पोहता येत नाही, त्यामुळं एका हातानं काठ घट्ट धरला होता. सूर्य डोंगराआड गेला. यंत्र सुरू, दिवा बंद, चार्जर बंद. बॅटरीच्या टोकांवर १२.४. पुढं यंत्राच्या पिनेवर ११.८. पडदा स्वच्छ. खालचा तळ एका जाड रेषेत सरकत होता.

मीटरवर मिन-मॅक्सचं बटण असतं, वाचनातला सर्वांत खालचा आकडा ते पकडून ठेवतं. ते दाबलं, दोन्ही सुया पिनेवर धरल्या आणि म्हटलं, “मामा, लावा दिवा. चार्जिंगबी लावा.”

दिवा लागला. पडदा गेला.

मीटरवर ११ दिसत होते. भाच्याला दिसलेले तेच ११. मग मी मिनिमम बघितला. १०.४.

सगळी भानगड या दोन आकड्यांमध्ये होती. यंत्राच्या माहितीपत्रकात चालण्याचा व्होल्टेज १०.८ ते १७ दिलेला. दिवा लागताच सव्वातीन अँपिअर त्या केसासारख्या वायरीतून जायला बघतात, दीड व्होल्ट वायरीत जातात, उरलेले थोडे त्या जोडात. बॅटरीवर १२.३ असताना यंत्राच्या तोंडाशी १०.४ उरतात आणि यंत्र स्वतःला बंद करून घेतं. ते बंद पडलं की त्याचा १ अँपिअर कमी होतो, वायरीवरचा ताण उतरतो आणि पिनेवरचा आकडा पुन्हा ११ वर चढतो. बटण दाबलं की यंत्र उठतं, वीज मागतं, आकडा परत पडतो. कंपनीचं नाव आणि काळोख. कोणी कधीही मीटर लावला तरी त्याला हेच ११ दिसणार आणि तो म्हणणार, बॅटरी उतरली. त्याच क्षणी मागं बॅटरी १२ च्या वर निवांत बसलेली असते, तिच्या टोकांवर मीटर लावायला कोणी वाकून गेलेलं नसतं.

मामांना समजावं म्हणून तीन वेळा करून दाखवलं. दिवा लावला, पडदा गेला. दिवा बंद, बटण दाबलं, पडदा आला. तिसऱ्या वेळी त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला, स्वतः सुया धरल्या आणि भाच्याला म्हणाले, “लाव रं.” १०.४ बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे पाटाला पाणी हाय, पर दांडानंच पिलं.”

मी इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांना व्होल्टेज ड्रॉप समजावतोय. इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं.

काठावर येऊन मोटारसायकलच्या उजेडात काम केलं. जोडाची टेप उलगडली तर आत हिरवी भुकटी, निम्म्या तारा तुटलेल्या. ती सगळी वायर काढून टाकली. यंत्राला अडीच स्क्वेअरची स्वतंत्र वायर थेट बॅटरीपासून, मध्ये एकही जोड नाही. पॉझिटिव्हच्या टोकाजवळच ३ अँपिअरचा फ्यूज. तो यंत्राशेजारी बसवून उपयोग नाही, कारण वायर वाटेत कुठं घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून तिथपर्यंत ती जळत जाणार. दिवा आणि चार्जरला वेगळी वायर, वेगळा फ्यूज. टोकांना थिंबल दाबून बसवले, वर उष्णतेनं आवळणारी नळी, आणि बॅटरीच्या टोकांवर व्हॅसलिनचा हात. डाग देऊन (सोल्डर करून) जोडायचा मोह होतो, पण हलत्या होडीत डागाच्या कडेला तार कडक होते आणि तिथंच तुटते. म्हणून दाबलेला थिंबलच.

भाच्यानं विचारलं, बॅटरीच पुढं ठेवली तर? वायर वाचली असती हे खरं. पण पुढं पाणी उडतं, जाळ्याचा गुंता पडतो आणि वजनानं नाक खाली बसतं. मामांनीच नको म्हटलं.

रात्री नऊला परत पाण्यात. यंत्र चालू, दिवा चालू, चार्जर चालू. बॅटरीवर १२.३, पिनेवर १२.२. पडदा हलला नाही. पण पडद्यावर पावसासारखी टिंबं पडायला लागली. मामा घाबरले, मला मात्र हे ओळखीचं होतं. स्वस्तातले १२ व्होल्टचे मोबाइल चार्जर आतून फार वेगानं वीज तोडत-जोडत असतात आणि तो गोंगाट यंत्राच्या कानात शिरतो. चार्जर उपसला, पाऊस थांबला. मोबाइल घरून भरून आणायचा एवढंच ठरलं.

मग मामांनी होडी एका ठराविक दिशेनं घ्यायला लावली. अंधारात त्यांना दिशा कशी कळत होती ते त्यांनाच ठाऊक. खोली १५ मीटर दाखवत होती. आवाज गोड्या पाण्यात सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. तळाला जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग. आवाजाचा झोत खाली पसरत जातो, तेवढ्या खोलीला सुमारे पाच मीटरच्या वर्तुळातलं सगळं एका रेषेत येतं. तळाची रेघ सपाट चालली होती. अचानक ती वर उचलली. १३. १२. मग परत १५.

“चिंच,” मामा म्हणाले. “आमच्या दाराम्होरली. माझी दोन जाळी हितंच गेली.”

त्यांनी भाच्याला पुढं आणि मग आडवं जायला सांगितलं. आणखी एक उंचवटा आला, लांबट, बांधासारखा. मामा प्रत्येक उंचवट्याला काय आहे ते सांगत होते आणि भाचा वहीत लिहून घेत होता. मी दिवा धरला होता. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गोठ्यातली दुसरी बॅटरी तपासली. ती रोज रात्री गोठ्यातला बल्ब पेटवत होती. पाच कप्प्यांत १२४०, एकात १२३०. काही झालेलं नव्हतं तिला. तिसरी मी गाडीवर बांधून परत आणली आणि पूर्ण पैसे दिले. मामा नको नको म्हणत राहिले. भंगारात गेलेलीचं काही करता आलं नाही.

निघताना माझ्याकडचा एक जादा मीटर मी भाच्याकडं ठेवला.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी मामांचा फोन आला. मागं होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

“मिस्त्री, आज पिनेवर अकरा आठ दावलं. बॅटरीवर बारा तीन. मग म्या मधी मधी बघत गेलो. फ्यूजाच्या बुडाशी थिंबल सैल झाल्ता. आवळला.”

“आता किती?”

“बारा दोन.”

“मग ठीक आहे.”

“ठीकच हाय. तुमास्नी सांगावं म्हटलं.”