गाडी किती देते?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिचा दुधाचा हिशेब असतो आणि त्याच चौकटींत, खालच्या कोपऱ्यात, माझा पेट्रोलचा. डिसेंबरात दुधाचे पैसे द्यायला ही कॅलेंडर घेऊन बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही सोळा-सोळा दिवसांनी भरत होता ना? आता बाराव्या दिवशीच 'पे' लिहिलंय." मागची पानं उलटून पाहिली. खरंच होतं. उन्हाळ्यापासून एक-एक दिवस सरकत आला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी ऑल्टो, २००९ ची, जीजे-६, म्हणजे बडोद्याची. तीन सिलेंडर, ७९६ सीसी. नवी घेतली तेव्हापासून माझ्याच हाताखाली आहे. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा रीतसर पासिंग करून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली. रोजचं जाणं-येणं दांडिया बाजार ते मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत (जीआयडीसी), इकडची-तिकडची कामं धरून बावीसेक किलोमीटर. जो तो सांगतो, सीएनजी बसवून टाका. एवढ्याशा रनिंगवर किटचे पैसे कधी सुटायचे, आणि ऑल्टोची डिकी ती केवढी, तीही सिलिंडरला द्यायची? मला ते पटत नाही.

आधी नीट मोजायचं ठरवलं. "दोन हजारांचं टाका" म्हणून अॅव्हरेज कळत नाही. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडला की तिथेच थांबायचं, वर आणखी ओतायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा तसंच फुल. २५६ किलोमीटरला १९.४ लिटर गेलं. म्हणजे लिटरला १३.२. हीच गाडी शहरात साडेसतरा देत होती.

एअर फिल्टर बदला, हा पहिला सल्ला मिळतो. फिल्टर स्वच्छ हवाच, पण कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा तो नियम इंजेक्शनच्या गाडीला तसाच लावू नये. इथे कॉम्प्युटर हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, अॅव्हरेज फारसं पडत नाही. माझा फिल्टर तसाही नवा होता.

पहिला धागा सापडला तो गेटवर. जीआयडीसीत गाडी लावून उतरलो तर डाव्या बाजूने जळका वास. पुढच्या डाव्या चाकाजवळ तळहात नेला, लावला नाही, चार बोटांवरूनच धग लागली. उजव्या चाकाजवळ नेला, तिथे नुसतं कोमट. रविवारी जॅक लावून डावं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. अर्धा फेरा गेलं आणि खर्र करून थांबलं. उजवं उचललं तर बिनतक्रार फिरलं. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतल्या खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत पावसाळ्याचं पाणी जाऊन गंज धरलेला. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटूनच. महिनोन् महिने मी ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो! पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस भरलं, दोन्ही बाजूंची रबरं बदलली. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. पुढची टाकी: २८५ किलोमीटर, १९.५ लिटर. १४.६.

सुधारलं, पण साडेसतरा अजून लांब होतं.

दुसरी गोष्ट थंडीने दाखवली. सकाळी निघालो की तापमानाचा काटा लालबाग पुलापर्यंत खालीच लोळायचा, मकरपुऱ्याला पोचेपर्यंत कसाबसा पावावर यायचा. पूर्वी अर्ध्या वाटेत मध्यावर येऊन थांबायचा. मग मे महिना आठवला. भर उन्हात गाडी तापली होती, जवळच्या एका गॅरेजात नेली. रेडिएटरच्या पंख्याचा रिले गेला होता, तो त्याने बदलला, आणि जाता जाता थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडचं पाणी अडवणारा वॉल्व्ह, तोही काढून टाकला. "काका, आपणे त्यां आनी जरूर नथी." गरम मुलखात वॉल्व्ह कशाला, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की मीही मान हलवली.

त्याची जरूर नेमकी आपल्यालाच आहे. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन पटकन तापतं. पाणी ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिनला काही केल्या ऊब येत नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सेन्सरने 'गार आहे' म्हटलं की कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडतो. ऑइलही घट्टच राहतं. नऊ किलोमीटरची वाट, त्यातली बहुतेक गार इंजिनाने कापलेली. सारं जास्तीचं पेट्रोल तिथे जात होतं. तापण्याचं खरं कारण पंखा होता, तो दुरुस्त झाला होता. वॉल्व्ह परत बसवायलाच हवा होता.

दुसऱ्या मिस्त्रीकडून काही शे रुपयांत नवा बसवून घेतला, नवं गॅस्केट आणि नवा कूलंटही. दुसऱ्या दिवशी काटा पुलाच्या अलीकडेच मध्यावर. इतकं बरं वाटलं की ऑफिसात पोचून हिला फोन केला.

चालवण्यातली एक सवयही बदलली. लालबागच्या पुलावरून उतरताना मी गाडी न्यूट्रल करायचो, पेट्रोल वाचतं म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत हे उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र पेट्रोल लागतंच. शिवाय उतारावर इंजिनचा ब्रेक हातचा जातो, तो वेगळा धोका. आता टॉपमध्येच उतरतो, खाली सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय काढतो.

हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर गार असताना, स्वतःच्या गेजने पाहतो. पंपांवरच्या गेजांचं एकमेकांशी जुळत नाही. आकडा दारावरच्या स्टिकरचा.

जानेवारीअखेरची टाकी: ३२९ किलोमीटर, १९.६ लिटर. १६.८. महिन्याला दहा-अकरा लिटर वाचले, ९४ च्या भावाने हजारेक रुपये. जुन्या साडेसतरापेक्षा अजून थोडं कमी आहे, पण त्यामागे मी आता लागणार नाही. तो आकडा कमी इथेनॉलच्या दिवसांतला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. तेवढी घट गाडीच्या माथी मारणं बरोबर नाही. इथेनॉलने जुनं रबर बिघडू शकतं, म्हणून पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र तपासून घेतल्या, एक तडकलेली निघाली.

मागच्या रविवारी आम्ही तिघं पावागडला जाऊन आलो. हालोल रोड मोकळा होता, तरी सत्तरच्या वर गेलो नाही. शंभरला हवेचा रेटा सत्तरच्या दुप्पट होतो, आणि छोट्या इंजिनाला तो जास्तच जाणवतो. जाताना आणि आल्यावर फुल केली: १०४ किलोमीटर, ५.१ लिटर. इतक्या थोड्या पेट्रोलवर अॅव्हरेज काढू नये हे मला ठाऊक आहे, म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलंय. त्या चौकटीत हिने वर लिहिलंय, "दूध नाही".