आधी नाणेघाट, मग पांडवलेणी: सातवाहनांच्या मागावर दोन दिवस

सातवाहन या दख्खनच्या प्राचीन राजघराण्याची भरभराट नाणेघाटात बघायची आणि शेवट नाशिकला, असं ठरवून जानेवारीत आई आणि मी निघालो. क्रम उलटा केलात तर मजा जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

नाणेघाटात पायी चढायचं असेल तर कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याला उतरा. दोन-अडीच तासांची चढण आहे, पाणी भरपूर घ्या. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही जुन्नर-घाटघरमार्गे गाडीनेच वर गेलो. पठारावरून घळीतून थोडं खाली उतरलं की लेणं येतं. घळीतले दगड गुळगुळीत झालेत, त्यामुळे चपला नकोत. पावसाळ्यात गर्दी आणि धुकं दोन्ही असतं. शिलालेख बघायचा तर हिवाळाच बरा.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं एवढंच उरलंय. पहिलं नाव सिमुक सातवाहनाचं, म्हणजे मूळपुरुषाचं. पुढचं वाचून दाखवलं: "देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी." आई म्हणाली, "हिचं नाव आधी?" हो, आधी. ही राणी नागनिका, नायनिका म्हणजे तीच. बाजूच्या भिंतींवरच्या लांबलचक लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणांची यादी आहे. एका ठिकाणी 1700 गायी आणि 10 हत्ती. आकडे ब्राह्मी अंकांत आहेत, तेवढे आधी बघून जा. नुसत्या रेघा वाटत नाहीत मग.

हा पैसा कुठून येत होता ते वर आल्यावर कळतं. तिथे दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नर-पैठणकडे चढायचा.

जुन्नरला मुक्काम करून नारायणगाव, संगमनेर, सिन्नरमार्गे नाशिक. इथे मी चूक केली. वाटेत जेवणात वेळ घालवला आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी पोचेतो चार वाजले. त्यात आईच्या चालीने पायऱ्या! आतल्या भिंतींवर काही दिसेना, मोबाइलच्या उजेडात वाचावं लागलं. सकाळी जा, टॉर्च न्या.

वर गेल्यावर आधी 10 क्रमांकाचं लेणं गाठा. ते सातवाहनांच्या शत्रूचं आहे. क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याने ते करवलं आणि भिक्षूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) व्याजाने ठेवले. म्हणजे तेव्हा नाशिक सातवाहनांच्या हातून गेलेलं होतं. मग 3 क्रमांकात या. सातवाहन राजा गौतमीपुत्राने मुलूख परत जिंकला. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षी मुलाचं वर्णन कोरवून घेतलं: क्षहरातांचा (नहपानाच्या कुळाचा) निःशेष करणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा. "मुलाचं कौतुक आईशिवाय कोण एवढं करणार," इति आमची आई.

मला मात्र त्याच लेण्यातला दुसरा लेख जास्त आवडतो. गौतमीपुत्राने 18 व्या वर्षी भिक्षूंना शेत दिलं. 24 व्या वर्षी त्याला दुसरा हुकूम काढावा लागला, कारण ते गाव ओस पडलेलं आणि शेत पडीक होतं. मग 100 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन बदलून दिली. सम्राटाच्या काळातही कागदावर जमीन आणि प्रत्यक्षात माळरान!

पुढे रुद्रदामन् या क्षत्रपाने सातकर्णी नावाच्याच एका नंतरच्या सातवाहन राजाला दोनदा हरवलं आणि जवळचा नातलग म्हणून सोडून दिलं, असं त्याच्या जुनागढच्या लेखात आहे. यज्ञश्री सातकर्णीचा लेख इथेच 20 क्रमांकात सापडतो. त्याच्यानंतर घराण्याच्या शाखांत राज्य वाटलं गेलं.

उतरण्याआधी पुन्हा 10 क्रमांकाच्या अंगणात या. तिथल्या लेखात राजाचं नाव आहे आभीर ईश्वरसेन, म्हणजे आभीर या दुसऱ्याच घराण्याचा. सातवाहन संपले. देणगी आहे आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी, आणि पैसे ठेवलेत कुंभार, तेली अशांच्या श्रेणींकडे. राजे तीनदा बदलले, ठेवी तशाच श्रेणींकडे.

औषधाचं ऐकून आईने पिशवीतून गुडघ्याचं मलम काढलं आणि म्हणाली, "आता उतरू या, अंधार पडतोय."