पद्मिनीची टकटक, इंजिन न उतरवता

मागच्या नोंदीत माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकचं काम संपवताना इंजिनातल्या टकटकीचा नुसता उल्लेख करून ठेवला होता. तिचा छडा लागला. "काय निघालं?" म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर. ज्यांना त्यांच्या मिस्त्रीने नुकतंच "हाफ इंजिन करायला लागतंय" (म्हणजे इंजिन खोलून आतले भाग बदलायचे) असं ऐकवलंय, त्यांच्यासाठी जरा जास्तच सविस्तर.

गाडी तीच, १९८५ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, ६८ बोअर, ७५ स्ट्रोक, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये, आणि त्याचा धक्का पुशरॉडमधून घेऊन व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. आधीच्या मालकाने डायनमो काढून अल्टरनेटर बसवलाय, बाकी इंजिनाला फारसा कुणाचा हात लागलेला नाही. आवाज असा: सकाळी गार इंजिनाला जवळजवळ नाहीच. रंकाळ्याला एक चक्कर मारून आलं, तेल पातळ झालं, की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) टक, टक, टक. एका लयीत, एकही ठोका न चुकता. रेस दिली की ठोके जवळजवळ येतात आणि पुढे पंख्याच्या नि सायलेन्सरच्या आवाजात बुडून जातात. चढाला आणखी एक वेगळीच खळखळ येते, तिच्याबद्दल शेवटी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेज नि लेथच्या वस्तीत, दाखवून आलो. एकाने बॉनेट उघडायच्या आधीच "टॅपेट" (म्हणजे व्हॉल्व्हची ढिलाई) म्हणून सांगून टाकलं. दुसऱ्याने पुढच्या कव्हरशी कान नेऊन "चेन" (कॅमशाफ्ट फिरवणारी) म्हटलं. तिसरे अनुभवी, त्यांनी दोन वेळा रेस देऊन थेट निकालच दिला, "मालक, कनेक्टिंग गेलंय बघा. आत्ता उतरवलं तर क्रँक वाचंल." म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. कोल्हापुरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, लेथ सगळं हाकेच्या अंतरावर. सोय मोठी, पण त्यामुळेच इथे इंजिन उतरवायचं म्हटलं की कुणी फार विचार करत नाही. आणि एकदा खोललं की पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळंच "आता काढलंयच तर" म्हणून बदललं जातं. आवाज जातो, पण नक्की कशामुळे गेला ते कुणालाच कळत नाही. मला ते कळून घ्यायचं होतं.

आधी ठोके मोजले

इंजिनाजवळ उभं राहून आवाज कुठून येतोय ते ओळखण्यावर माझा फार भरवसा नाही. एका ओतीव ब्लॉकमध्ये खाली झालेला ठोका पुशरॉडमधून वर चढतो आणि रॉकर कव्हरवर खणखणीत ऐकू येतो. तो कधी येतो आणि किती वेळा येतो, हे मात्र मोजता येतं.

पद्मिनीला टॅकोमीटर नसतो, म्हणून टायमिंग लाइटवरचा (ठिणगीची वेळ बघायचा दिवा) वापरला. गरम इंजिन, आयडल मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्थिर केलं, मोबाइल एअर क्लीनरजवळ धरून आवाज रेकॉर्ड केला. घरी संगणकावर तो ताणून बघितला, तर प्रत्येक ठोक्याचं टोक वेगळं दिसतं. दहा सेकंदांत किती टोकं, एवढंच मोजायचं. ८०० फेऱ्यांना क्रँक दहा सेकंदांत १३३ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्मं, म्हणजे ६७ वेळा. माझी टोकं पासष्टच्या आसपास भरली. म्हणजे निम्म्या वेगाचा आवाज. अल्टरनेटर नि वॉटर पंपाचं नाव इथेच मागे पडलं, कारण ते पट्ट्यावर वेगळ्याच गतीने फिरतात. खात्रीसाठी पट्टा काढून इंजिन थोडा वेळ चालवलं, टकटक तशीच. (पट्ट्याशिवाय पाणी फिरत नाही, तेव्हा हे अर्ध्या मिनिटाचंच काम.) क्लच दाबला तरी फरक नाही, म्हणजे गिअरबॉक्सही नाही.

निम्मा वेग म्हटलं की लगेच टॅपेटवर उडी मारायचा मोह होतो, पण थांबा. बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) ठोका बऱ्याचदा पॉवर स्ट्रोकलाच (जाळ पिस्टनला खाली ढकलतो तेव्हा) जोरात बसतो, आणि एका सिलिंडरचा पॉवर स्ट्रोकही दोन फेऱ्यांत एकदाच येतो. त्यामुळे नुसत्या मोजणीवरून कनेक्टिंग रॉड सुटत नाही.

कनेक्टिंगची सुटका

त्यासाठी जुनीच युक्ती. आयडलला एकेका प्लगची वायर काढून तो सिलिंडर बंद पाडायचा. ज्या सिलिंडरचं बेअरिंग वाजतंय त्याचा जाळ बंद झाला की ठोका मरतो किंवा निदान मऊ पडतो. वायर हवेत मोकळी सोडू नका, अर्थला (इंजिनाच्या उघड्या धातूला) टेकवून ठेवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. आणि पक्कड चांगल्या रबराची घ्या, झटका सणसणीत बसतो.

एक, तीन, चार, दोन, फायरिंग ऑर्डरनेच गेलो. प्रत्येक वेळी इंजिन लंगडं झालं, थरथरलं, टकटक मात्र जशीच्या तशी. मग ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनाला प्रेशर बघितलं. आयडलला १८ पौंड, २,००० फेऱ्यांना ४०च्या जवळ. हजार फेऱ्यांना दहा पौंड हा ढोबळ हिशोब धरला तर उत्तमच. झिजलेल्या बेअरिंगच्या इंजिनात गरम तेलाचं प्रेशर असं टिकत नाही. कनेक्टिंगचा विषय मी इथेच मिटवला, आणि मशीन शॉपचा खर्चही.

टॅपेट: थोडं खरं, बरंचसं खोटं

रॉकर कव्हर उघडलं. टॅपेट लावायची माझी पद्धत साधी: गाडी टॉप गिअरला टाकून हळूहळू ढकलायची, चार नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटता मिटता दुसरा उघडायला लागला की एक नंबरचे दोन्ही टॅपेट लावायचे. एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या. हे गार इंजिनालाच, मॅन्युअलमधल्या मापाने.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी निघाली. रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हच्या देठावर बसतं, त्यावर बोट फिरवलं तर दोन रॉकरना नखाला लागेल एवढी खळी. देठाच्या रुंदीची, कडेने धार आलेली, उजेडात तिरकं धरलं की चकाकणारी. फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी सपाट, ती या खळीवर पूल टाकल्यासारखी आडवी बसते. गेज म्हणतं माप बरोबर, प्रत्यक्षात खळीच्या खोलीएवढी ढिलाई उरलेलीच. अशा रॉकरला कितीही वेळा टॅपेट लावा, तो वाजणारच. दोन्ही रॉकर काढून तोंडं घासून घेतली. गोलाई तशीच ठेवून, अगदी नावापुरती, कारण वरचा कडक थर पातळ असतो आणि तो गेला की रॉकर महिन्यात पुन्हा खड्ड्यात.

पुन्हा जोडून स्टार्ट केलं. इंजिनाचा एकंदर आवाज स्वच्छ झाला, एक बारीक टिकटिक होती ती गेली. आणि ती गेल्यावर मूळची टकटक आणखी उठून दिसायला लागली! आधी दोन आवाज एकमेकांत मिसळून गेले होते. पहिल्या मिस्त्रीचं निदान चुकलं नव्हतं, अपुरं होतं.

आप्पांचा प्रश्न

आमच्या गल्लीच्या मागे एक आप्पा राहतात, उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सींच्या कामात गेलेली. हातात आता जोर नाही, कान मात्र शाबूत. खुर्ची टाकून बसले, मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पंप बघितलासा काय?"

वॉटर पंपाचं सांगायला लागलो, तर हात हलवून म्हणाले, "पेट्रोलचा, पेट्रोलचा."

बरोबर आहे की! निम्म्या वेगाने चालणारी मंडळी मोजायला बसलं तर कॅमशाफ्ट, टॅपेट, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवणारा पद्मिनीचा हा पंप ब्लॉकच्या बाजूला, कॅमशाफ्टवरच्या एक्सेंट्रिकने (मध्याबाहेर बसलेल्या चकतीने) त्याचा लिव्हर हलतो. पंपावर कुणाचा संशय जात नाही, कारण पेट्रोल तर व्यवस्थित येत असतं.

लांब स्क्रूड्रायव्हरचं पातं पंपाच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. रॉकर कव्हरवर जो आवाज घुमल्यासारखा येत होता, तो इथे कोरडा, टोकदार. पण म्हटलं, कानावर सोडायचं नाही. पंप काढूनच बघू.

हे करणार असाल तर इंजिन पूर्ण गार करूनच हात घाला, बॅटरीची अर्थ सोडा, वाळूची बादली जवळ ठेवा. टाकीकडून येणाऱ्या पाइपात बोल्ट घालून क्लिप आवळली. दोन नट सोडून पंप बाहेर काढला, भोकावर गॅस्केट आणि तीन मिलिमीटर पत्र्याची पट्टी मारली, नाहीतर इंजिनाचं तेल त्या वाटेने बाहेर उडतं. सांडलेलं पेट्रोल पुसून, वास जाईपर्यंत थांबून मगच बॅटरी जोडली. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जे पेट्रोल उरलेलं असतं, त्यावर इंजिन आयडलला मिनिट-दोन मिनिटं आरामात चालतं. पण आपला आवाज गरम इंजिनाला येतो, म्हणून प्लास्टिकची छोटी बाटली उंच टांगून तिची नळी कार्ब्युरेटरला दिली आणि इंजिन तापू दिलं.

तापलं. पंखा, सायलेन्सर, चेनची हलकी सळसळ. टकटक नाही. आप्पांनी डोळे न उघडताच मान डोलावली.

पंपाच्या पोटात

पंप टेबलावर खोलला. लिव्हरला सतत एक्सेंट्रिकवर दाबून धरणारी एक छोटी स्प्रिंग असते, ती मधोमध तुटलेली. एक तुकडा जागेवर, दुसरा आतल्याच कोपऱ्यात अडकलेला. तो कॅमकडे सरकला नाही हे नशीब. लिव्हरची पिनही झिजलेली, लिव्हर हाताने आडवा हलत होता. पेट्रोल ढकलायचं काम डायफ्रॅमच्या, म्हणजे पंपातल्या लवचिक पडद्याच्या, खालची मोठी स्प्रिंग करते, ती शाबूत, म्हणून गाडी कधी अडखळली नाही. एक्सेंट्रिक मात्र दर फेरीला सैल लिव्हरला लाथ मारत होता. गार असताना घट्ट तेलाची उशी त्या लाथेला मिळते, तेल पातळ झालं की नाही मिळत. गार इंजिनाला आवाज का नव्हता, त्याचं उत्तर हेच असावं.

डायफ्रॅमही शेवटच्या घटका मोजत होतं, कापड कडक आणि कडेला चिरा. आता गाडीत पेट्रोल भरायच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. डायफ्रॅम फाटलं तर पेट्रोल थेट तेलात उतरतं आणि मग खरंच बेअरिंग जातात. डिपस्टिकचा वास घ्यायची सवय ठेवा. माझ्या तेलाला वास नव्हता, तरी २०डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल नवीन भरून टाकलं.

सामान मुंबईहून आलं. गाडी मुळात कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली आणि तिचे सुटे भाग शोधायला आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडलाच जावं लागतं. भाच्याला फोटो पाठवला, तो दुकानं पालथी घालून आला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती जात रस्त्यावरून गेली. दुकानदाराने भाच्याला सांगितलं, "आता टॅक्सीवाले येत नाहीत, तुमच्यासारखे हौशीच येतात," आणि भावही हौशीचाच लावला. किटमध्ये डायफ्रॅम, व्हॉल्व्ह आणि दोन्ही स्प्रिंगा होत्या. पिन नव्हती, ती उद्यमनगरातच करून घेतली आणि भोकाला पितळी बुश मारली. ज्यांनी कनेक्टिंग सांगितलं होतं त्यांच्याच शेजारच्या लेथवर.

जोडताना ब्लॉक आणि पंपामधल्या गॅस्केटची जाडी जुन्याएवढीच ठेवा. जाड झाली तर लिव्हरचा स्ट्रोक कमी पडतो आणि लांब चढाला पेट्रोल पुरत नाही.

आता चढाची खळखळ

टकटक गेली, पण जोतिबाचा चढ तिसऱ्या गिअरला चढताना इंजिनातून काचेच्या गोट्या हलवल्याचा जो आवाज येतो, तो आहेच. हा ठोका नव्हे, पिंगिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकल्याचा आवाज. ॲक्सिलरेटर जरा सोडला की जातो, त्यावरून खात्री आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप वाढलेली होती, आणि गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते, टायमिंग पुढे सरकतं. गॅप लावली, टायमिंग लाइटने खुणेवर आणलं, खळखळ निम्म्याने कमी झाली. आयडलला खूण बरोबर दिसते, पण रेस देताच ती पाहिजे त्याहून लवकर पळते. डिस्ट्रिब्युटरमधल्या ॲडव्हान्स वजनांच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या) स्प्रिंगा ढिल्या झाल्या असणार. पुढच्या रविवारी डिस्ट्रिब्युटर टेबलावर घेतोय. कुणाकडे मूळच्या ॲडव्हान्स स्प्रिंगांची जोडी पडून असेल तर तारेची जाडी आणि वेढे मोजून कळवा. बाजारात मिळालेल्या दोन्ही जोड्या एकमेकींशीसुद्धा जुळत नाहीत.