बार्बेरा आणायला नित्सा मोन्फेरातोला

ऑक्टोबरात आम्ही दोघं इटलीत, तोरिनोत (ट्यूरिन) होतो. जो तो पांढऱ्या ट्रफलसाठी, म्हणजे जमिनीखालच्या महागड्या अळंबीसाठी, आल्बाकडे पळत होता. आम्ही आस्तीला गाडी बदलून नित्सा मोन्फेरातोला उतरलो. बारोलो ही इथली महागडी लाल वाइन आमच्या खिशाला झेपणारी नव्हती, आणि पिएमोन्ते या प्रांतातल्या घरांत रोजच्या जेवणाला असते ती त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, बार्बेराच. इटालियनमध्ये वाइन पुल्लिंगी, पण बार्बेरा इथल्या लोकांच्या तोंडी स्त्रीलिंगी. आपल्याला सोयीचंच.

स्टेशनवरून थेट एका वायनरीत गेलो. साडेबारा वाजले होते, फाटक बंद. जेवणाची सुट्टी! दोन-तीन दिवस आधी इमेल टाकून सकाळची वेळ मागून घ्या. द्राक्षतोडणी सप्टेंबरअखेरीपासून चालते, तेव्हा नकारही येऊ शकतो.

तीन वाजता दार उघडलं. पहिला ग्लास स्टीलच्या टाकीतल्या साध्या बार्बेरा द'आस्तीचा, म्हणजे आस्ती भागातल्या बार्बेराचा. रंग पिकल्या जांभळाचा. घोट घेतला आणि जबड्याच्या कडांना कळ आली. बायको म्हणाली, "अरे, हे तर कोकम!" मालकीणबाईंनी काही न बोलता रोबिओला दी रोक्काव्हेरानोची, म्हणजे शेळीच्या दुधाच्या मऊ चीजची, बशी पुढे सरकवली. चीज खाऊन दुसरा घोट घेतला, तर तोच आंबटपणा आता तोंड स्वच्छ करत होता. हे द्राक्ष पूर्ण पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही, आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच. म्हणून रिकाम्या पोटी चाखून मत बनवू नका.

फार वर्षं ही गरिबाघरची स्वस्त वाइन मानली जायची. रोक्केत्ता तानारोच्या जाकोमो बोलोन्या यांनी १९८२च्या पिकाची बार्बेरा छोट्या फ्रेंच ओक पिंपांत मुरवली, तिला 'ब्रिक्को देल्ल'उच्चेल्लोने' नाव दिलं आणि भाव बदलला. पुढे २०१४ पासून 'नित्सा' हे अशा वाइनचं वेगळं अधिकृत नाव झालं: शंभर टक्के बार्बेरा, किमान १८ महिने मुरवलेली, त्यातले सहा लाकडात. आम्ही चाखलेली नित्सा भारदस्त होती, पण दुसऱ्या एका ठिकाणी ओकचा व्हॅनिलासारखा वास इतका, की द्राक्ष शोधावं लागलं. महाग तेवढी चांगली असं इथे नाही. साधी ९ युरोला मिळाली, नित्सा २३ला.

गावातल्या दुकानातून 'बार्बेरा देल मोन्फेरातो' घेतली. रात्री उघडली तर फेस! नासली म्हणून मोरीत ओतणार होतो, तेवढ्यात लेबलवरचा 'विवाचे' शब्द दिसला. हलकी फसफस हा तिचा स्वभावच. थोडी गार करून प्यायलो, मजा आली.

चाखताना थुंकायचं भांडं मागा, लाजू नका. गाडी चालवणार असाल तर इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. बाटल्या चेक-इन सामानातच टाका, स्वेटरमध्ये गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटर शुल्कमुक्त, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. आम्ही तीन साध्या आणि एक नित्सा आणली. पुण्याच्या उन्हाळ्यात ती कपाटात टिकायची नाही, तेव्हा मार्चच्या आत उघडायची आहे.