तिसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत जायचं नाही

आमच्या लॅबमध्ये पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी, तीन खोल्या आहेत आणि त्यांतून चालायची दिशा एकच. पहिल्या खोलीत मास्टर मिक्स, म्हणजे सॅम्पल सोडून बाकी सगळ्याचं मिश्रण, बनतं, दुसरीत त्यात सॅम्पल पडतं, तिसरीत मशीन आणि बनलेल्या प्रती बघायचं जेल. तिसऱ्या खोलीत गेलात की त्या दिवसापुरती पहिली खोली बंद. एप्रन वेगळे, पिपेट वेगळी, टिपांचे डबे वेगळे, वहीसुद्धा वेगळी. नव्याने आलेली एम.एस्सी.ची मुलं सुरुवातीला हसतात. "मॅडम, हे तर सोवळंच झालं!" झालं खरं. पण या सोवळ्याचं कारण मी फळ्यावर गणित मांडून दाखवू शकते.

डीएनएच्या एका प्रतीपासून सुरुवात करा. प्रत्येक चक्रात दुप्पट. 95 अंशाला दोन धागे सुटतात, 55–60च्या आसपास प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, आपापली जागा शोधून चिकटतात, 72ला टॅक पॉलिमरेझ नावाचं एन्झाइम पुढची साखळी विणतं. अशी 30 चक्रं झाली की कागदावर 107 कोटींच्या वर प्रती. प्रत्यक्षात कमी भरतात, पण तरी पुष्कळ. आणि हे सगळं दीडएक तासात, पंचवीस मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी पाण्यात. आता ती नळी जेलवर घालायला उघडली आणि टोपण निघताना तिच्यातला पंचवीस हजारावा भाग तुषार होऊन उडाला, तर त्यात चाळीसेक हजार प्रती असतात. हातमोज्यावर, पिपेटच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर. पुढच्या रनला, म्हणजे मशीनच्या पुढच्या फेरीला, खोटा पॉझिटिव्ह यायला त्यातली एक पुरते.

त्या एन्झाइमची गोष्ट मला अजूनही आवडते. कॅरी मुलिसला पीसीआरची कल्पना 1983 मध्ये सुचली आणि 1993 मध्ये नोबेलही मिळालं, पण सुरुवातीला वापरलेलं एन्झाइम ई. कोलायचं होतं. 95 अंशाला ते मरायचं, म्हणून दर चक्राला नळी उघडून नवं घालायचं. मग कामाला आला थर्मस अ‍ॅक्वाटिकस, अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेला जिवाणू. थॉमस ब्रॉक यांनी तो 1960च्या दशकात शोधला तेव्हा पीसीआरचं नावही नव्हतं. उकळत्या पाण्याजवळ कोण जगतं एवढंच त्यांना बघायचं होतं. "याचा उपयोग काय?" असं फंडिंगच्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं की मला ब्रॉक आठवतात.

तर, खोल्या. कोविडनंतर सगळ्यांना सॅनिटायझरची सवय लागली आहे. पण अल्कोहोलने विषाणू मरतो, डीएनए तुटत नाही. आम्ही स्वतःच डीएनए पाण्यातून वेगळा काढायला इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, वापरतो! टेबल पुसायला हवं ताजं केलेलं सोडियम हायपोक्लोराइट, घरच्या भाषेत ब्लीच. दुसरी युक्ती जरा हुशारीची आहे. प्रती बनवताना थायमिन या डीएनएच्या घटकाऐवजी युरॅसिल वापरायचं आणि पुढच्या रनमध्ये यूएनजी नावाचं एन्झाइम आधीच घालून ठेवायचं. जुन्या रनची चुकार प्रत आत आलीच तर तिच्यात युरॅसिल आहे म्हणून यूएनजी ती खाऊन टाकतं. रुग्णाच्या डीएनएत थायमिन असतं, त्याला धक्का नाही. मग मशीन 95वर गेलं की यूएनजी आपोआप निकामी.

एवढं करूनही प्रत्येक रनला एक नळी नुसत्या पाण्याची असते. निकाल आला की मुलं आधी पॉझिटिव्हकडे धावतात. मी पाण्याच्या नळीची रेघ बघते; प्रती वाढल्या की स्क्रीनवर ही रेघ वर चढते. ती सपाट असेल तर बाकीच्या स्क्रीनकडे वळायचं. ती वर उचललेली दिसली, तर बाकी आलेख कितीही देखणे असोत, आख्खा रन बाद.

उलट दिशेचा घोळ, म्हणजे जंतू असून न दिसणं, कमी बोलला जातो. रक्ताची ट्यूब हिरव्या टोपणाची आली की मी ती हातात घेऊन खिडकीपाशी नेते, खरंच हिरवी आहे ना बघायला. हिरवं म्हणजे रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, आणि हेपॅरिन पीसीआरला अडवतं. आम्हाला जांभळ्या टोपणाची ट्यूब लागते; तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. एका कलेक्शन सेंटरवाल्याने फोनवर "रक्तच आहे ना मॅडम, टोपणाने काय फरक पडतो?" असं ऐकवलं होतं. फरक असा पडतो की जंतू असतानाही रेघ सपाट राहते. म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये माणसाचा स्वतःचा एक जीनही सोबत तपासतात. कोविडच्या किटमध्ये बहुतेक वेळा आरनेज-पी असायचा. तोच आला नाही तर त्या सॅम्पलबद्दल "निगेटिव्ह" हा शब्द काढायचा नाही. परत मागवायचं.

कोविडवरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा लोक सीटी व्हॅल्यू परीक्षेच्या मार्कांसारखी टाकत होते. सीटी म्हणजे कितव्या चक्राला रेघ उंबरठा ओलांडते तो आकडा; कमी आकडा म्हणजे जास्त माल, साधारण 3.3 चक्रांमागे दहापट. पण वरच्या मजल्यावरच्या काकांचा 19 आणि काकूंचा 29 यांतला हजारपटीचा फरक विषाणूचा असू शकतो, तसाच काडी नाकात किती आत गेली याचाही. मी एकदा हे लिहिलं. उत्तरादाखल गुड मॉर्निंगचं फूल आलं.

आणि मग जानेवारी 2025. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरीकडे जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरची काही साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. शरीर त्याच्याशी लढताना स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. पण अशक्तपणा येतो जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर जंतू पोटातून गेलेलाही असतो. त्याला कल्चरमध्ये वाढवणंही कटकटीचं. ऑक्सिजन कमी लागतो, 42 अंश लागतात. अशा वेळी पीसीआर फार कामाची, कारण तिला जिवंत जंतूच हवा असं नाही.

नेमकं तेच मला धायरीच्या मावशीला फोनवर समजावता येईना. तिचा आग्रह, "तुझ्या त्या मशीनमध्ये आमच्या टाकीचं पाणी घालून बघ ना गं." म्हटलं, मावशी, दोन थेंबांत काही मिळत नाही, कित्येक लिटर गाळावं लागतं. त्याबरोबर मातीतलं ह्युमिक अ‍ॅसिड येतं, ते पीसीआर अडवतं. आणि समजा रेघ आली, तरी क्लोरीनने मेलेल्या जंतूचा डीएनए काही काळ तसाच राहतो. टीबीतही हेच होतं. औषध चालू असताना सीबीनॅट ही टीबीची पीसीआरसारखीच तपासणी पॉझिटिव्ह येतच राहू शकते, म्हणून उपचारांचा परिणाम त्यावर जोखत नाहीत; थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कल्चर करतात.

"मग त्या लोकांना सापडलं कसं?"

पेशंटच्या नमुन्यात शोधलं, आणि काय शोधायचं ते आधी ठरवून. एका नळीत अनेक जंतूंचे प्रायमर घालता येतात, पण ज्याचे प्रायमर घातले नाहीत तो समोर बसला असला तरी पीसीआरला दिसत नाही. त्यासाठी सरसकट सिक्वेन्सिंग, म्हणजे नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणं, लागतं आणि त्याचा खर्च निराळा.

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं, ते राहू दे. पाणी किती वेळ उकळू?"

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, म्हटलं. आणि गार करून झाकून ठेव, त्यात परत हात बुडवू नकोस.