जंगम मालमत्तेतली कुळं

कायद्याच्या हिशेबात घर, जमीन, विहीर ही स्थावर मालमत्ता आणि गाडी ही जंगम. ज्यानं कोणी ही वाटणी केली त्यानं आमच्या सोसायटीचं पार्किंग पाहिलेलं नसणार. तिथे खांबांच्या मधल्या जागांत ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी बिनदिक्कत स्थावर या सदरात टाकता येतील. एक पांढरी गाडी परदेशातल्या मुलानं आईवडिलांसाठी घेऊन दिलेली. आईवडील रिक्षानं फिरतात, कारण कोथरूडमध्ये गाडी न्यायची म्हणजे ती लावायची कुठे, हा प्रश्न. गाडी धुणारा मुलगा मात्र रोज पहाटे तिच्यावरून ओलं फडकं फिरवतो आणि महिन्याचे पैसे चोख घेतो. तुळशीला पाणी घालावं तशी ती सेवा चालू आहे.

गाडी ही हलण्याची वस्तू आहे, हा समज फक्त माणसांचा. उंदरांनी तो कधीच सोडून दिला आहे. त्यांच्या बाजूनं बघायला गेलं तर बॉनेटखालची जागा कुठल्याही बिल्डरच्या जाहिरातीला शोभेल अशी. वर पक्कं छप्पर, खालून चारी बाजूंनी जाण्यायेण्याची सोय, मांजराला शिरायला अवघड आणि उंदराला सोपे असे कोपरे. बॅटरीशेजारी सपाट ओटा. बॉनेटच्या आतून आवाज दबावा म्हणून लावलेला मऊ थर, म्हणजे गादी आयती. थंडीत गाडी बाहेरून आली की पुढचे दोनेक तास उबेची व्यवस्था. घरातून दिसतो तो काळा उंदीर मुळात चढण्यात पटाईत. टायर, तिथून सस्पेन्शन, तिथून वायरिंग हा त्याचा जिना. घूस अंगानं जड आणि खणणारी, ती खाली गटाराच्या बाजूला राहते. एकाच सोसायटीत वरचे मजले आणि तळमजला अशी ही विभागणी आहे, आणि त्यांच्यात देखभाल खर्चावरून भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

माझ्या गाडीच्या एसीला वास यायला लागला तो पावसाळ्याच्या शेवटी. ओल्या गोणपाटासारखा, पण त्यात काहीतरी खमंग. गॅरेजमधल्या फिटरनं डॅशबोर्डच्या खणामागचा एसी फिल्टर ओढून काढला आणि त्याच्याबरोबर जे बाहेर पडलं ते बघून हाताखालच्या पोराला हाक मारली, "ए, सुपली आण."

सुपलीत जमलेला ऐवज असा: कुत्र्याच्या खाण्याचे तपकिरी दाणे, चांगले दोन मुठी. भुईमुगाच्या शेंगा, काही फोडलेल्या, काही राखून ठेवलेल्या. ज्वारी. पार्किंगच्या कोपऱ्यात जे देशी बदामाचं झाड आहे त्याचे तीन-चार बदाम, कडेनं कुरतडलेले. चिकूच्या बिया. आणि या सगळ्याच्या मधोमध वाटीएवढं घरटं. त्यात दसऱ्याच्या झेंडूच्या माळेचा दोरा, नारळाच्या शेंडीचा काथ्या, गाडीच्या कव्हरची कापसासारखी पिंजलेली चिंधी आणि बारीक बारीक कातरलेला कागद. एका कपच्यावर 'प्रदूषण' एवढी अक्षरं शाबूत होती. पीयूसीचं जुनं प्रमाणपत्र.

"मॅडम, भाडं घेता का यांच्याकडनं?" फिटरनं विचारलं. गणपतीच्या वाहनाचा विनोदही त्यानं केला. तो विनोद प्रत्येक गॅरेजमध्ये होतो, आणि गाडीवाल्यानं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचं असतं.

मला त्या सुपलीत आमच्या सोसायटीचं दप्तरच दिसत होतं. कुत्र्याचे दाणे दुसऱ्या मजल्यावरचे, तिथे वाडगं रात्रभर दाराबाहेर असतं. ज्वारी गच्चीवर कबुतरांना टाकणाऱ्या काकांची. कबुतरं येऊ नयेत म्हणून ज्यांनी जाळ्या बसवल्या आणि काकांशी बोलणं टाकलं, त्यांच्या घरातल्या शेंगा असाव्यात, कारण त्यांच्याकडे दर एकादशीला दाण्याची आमटी असते. वार्षिक सभेत एकमेकांचं तोंड न बघणारी घरं माझ्या फिल्टरमध्ये शेजारी शेजारी नांदत होती.

साठवणीची ही आवड उंदरांत जुनीच. शेतातली लहान घूस तर बिळात चक्क कोठार करते. सुगी झाली की ती बिळं खणून कणसं काढणारी माणसं आपल्या देशात ठिकठिकाणी आहेत. उंदीर धान्य ओढून आडोशाला नेतो कारण उघड्यावर जेवत बसणं त्याला परवडत नाही. आणि वायरी कुरतडतो त्याचं कारण भूक नव्हे, दात. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त. पुढून कठीण, मागून जरा मऊ, म्हणून झिजता झिजता धार लागत जाते. सुताराच्या पटाशीला निदान सहाण तरी लागते. गाड्यांच्या वायरींच्या आवरणात हल्ली सोयाबीनपासूनचा माल वापरतात, त्यामुळे उंदरांना त्या आवडतात, असं म्हणत अमेरिकेत काही गाडीमालकांनी २०१६ मध्ये टोयोटाविरुद्ध दावा लावला होता. मला तो युक्तिवाद जरा ओढूनताणून वाटतो. सोयाबीन येण्याआधीही आमच्या घरच्या इस्त्रीची वायर शाबूत राहिल्याचं आठवत नाही. होंडानं तर मिरचीतला झोंबणारा घटक लावलेली चिकटपट्टी वायरींना गुंडाळण्यासाठी बाजारात आणली आहे. जपानी किंवा अमेरिकी उंदीर तिला घाबरत असेल. लवंगी मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या घरातला उंदीर तिच्याबरोबर भाकरी शोधायला लागेल, अशी भीती वाटते.

तिकडच्या कुळांची तऱ्हा मोठी. अमेरिकेत फार्गो या गावी २०२१ मध्ये एका माणसाच्या ट्रकमधून ४२ गॅलन अक्रोड निघाले, म्हणजे जवळजवळ १६० लिटर. सगळे एका तांबड्या खारीनं भरलेले. शेजारचं अक्रोडाचं झाड दर दुसऱ्या वर्षी फळतं आणि ती दर बहराला त्याच गाडीत कोठार करते. आपल्या खारूताईला हिवाळ्याची एवढी काळजी नाही, ती काथ्या आणि कापूस पळवून घरट्यापुरतं बघते. जर्मनीतला किस्सा तर थेट आपल्या गावाकडचा वाटावा. तिथे मार्टेन नावाचा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी गाड्यांत झोपतो आणि आपला वास ठेवून जातो. तीच गाडी दुसऱ्या रात्री दुसऱ्या नराच्या हद्दीत उभी राहिली की त्याला परक्याचा वास येतो, आणि तो रागानं नळ्या आणि वायरी चावून काढतो. बांधाचा वाद, फक्त बांध चार चाकांवर. हे नुकसान तिथे इतकं नेहमीचं आहे की विम्याच्या कागदांत त्याला स्वतःचं कलम आहे.

गाडीतल्या भाडेकरूंत मला सगळ्यांत आदर आहे तो कुंभारीण माशीबद्दल. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून ती येते आणि आरशाच्या मागे, दाराच्या चौकटीत, स्कूटरच्या किल्लीच्या भोकाजवळ बोटाच्या पेराएवढ्या खोल्या बांधते. बांधून झाल्या की कोळी शोधायला जाते. डंख मारून त्याला लुळा करते, मारत नाही. मेलेलं अन्न नासतं, लुळं पडलेलं ताजं राहतं. एकेका खोलीत असे बरेच कोळी कोंबून, अंडं घालून, दार लिंपून ती निघून जाते. अळी बाहेर पडते ती भरल्या कोठारातच.

आपल्या पूर्वजांनी हे पाहिलं होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत चोविसावी ही कुंभारीण. तिनं भिंतीत कोंडलेला किडा भीतीनं तिचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी तिच्यासारखाच होतो, असं तिथे म्हटलं आहे. निरीक्षण खोटं नव्हे. मातीच्या खोलीत किडा जातो आणि काही दिवसांनी माशी बाहेर येते, एवढं खरंच दिसतं. मधल्या काळात ध्यान कमी आणि जेवण जास्त होतं, एवढाच फरक. गंमत म्हणजे अवधूताचा तेविसावा गुरू कोळी, म्हणजे एका जातीच्या कुंभारणीच्या कोठारात एक गुरू दुसऱ्याच्या पोटात जायची वाट बघत असतो. आणि बावीसावा गुरू साप. का? तर तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्यानं बांधलेल्या घरात सुखानं राहतो.

तोही येऊन गेला. उंदरांमागे धामण येणं हा क्रम ठरलेलाच. पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी शेपटी दिसली, सोसायटीत आरडाओरडा झाला, सर्पमित्र आले. त्यांनी शांतपणे बॉनेट उघडायला लावलं तेव्हा कळलं की किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नाही. परदेशात फोन गेला. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात निघाली. तेवढ्या वेळात धामण आपण होऊन दुसऱ्या बाजूनं उतरून कुंपणाकडे गेली होती. दुसऱ्यानं बांधलेल्या घरात राहणाऱ्याला घर सोडतानाही फार वेळ लागत नाही.

विमानंही यातून सुटलेली नाहीत. २०१३ मध्ये ब्रिस्बेनला एक मोठं प्रवासी विमान जेमतेम दोन तास विमानतळावर उभं होतं. तेवढ्यात अशाच एका माशीनं वेग मोजायच्या नळीत माती लिंपली आणि उड्डाणानंतर वैमानिकांना परत फिरावं लागलं. प्रवासी सुखरूप उतरले. दोन तास हा पार्किंगचा वेळ आपल्याला किरकोळ वाटतो. कुंभारणीच्या दृष्टीनं तेवढ्यात पाया, भिंती आणि गृहप्रवेश उरकतो.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. तंबाखूची पानं कपड्यात बांधून इंजिनाजवळ ठेवा. डांबरगोळ्या ठेवा. हिंगाचं पाणी शिंपडा. आवाज करणारं यंत्र बसवा, तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, आणि उंदरांकडे बघून त्यांनाही येत असेल असं वाटत नाही. डांबरगोळ्यांनी उंदीर जातील की नाही सांगता येत नाही, गाडीत बसणारा माणूस मात्र नक्की जातो. मला त्यातल्या त्यात जपान्यांचं पटतं. थंडीत मांजरं इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात, म्हणून निसाननं गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा, अशी मोहीम चालवली. आमचे वॉचमनकाका तेच करतात, कुठल्याही मोहिमेशिवाय, आणि थापेबरोबर एक शिवीही देतात. दुबईच्या युवराजांनी २०२० मध्ये आपल्या मोटारीवर पक्ष्यानं घरटं केलं म्हणून ती गाडी पिल्लं उडेपर्यंत वापरलीच नाही. कौतुक झालं, व्हायलाच हवं. त्यांच्याकडे दुसरी गाडी होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

खरा उपाय फिटरनंच सांगितला: "रोज फिरवा गाडी. हलती गाडी उंदराला नको असते." म्हणजे जंगम मालमत्ता जंगम ठेवा. पण ते कसं जमावं? ऑफिसला मेट्रो बरी पडते, भाजीला चालत जाते, गावाला जायचं तर घाटातल्या रांगेची आठवण येते. महाराष्ट्रात कसेल त्याची जमीन म्हणत १ एप्रिल १९५७ ला कुळांना मालक मानलं गेलं. तो न्याय पार्किंगला लावला तर माझ्या गाडीचा सातबारा कोणाच्या नावे निघेल, याबद्दल वाद होऊ नये. वहिवाट त्यांची, राबता त्यांचा. माझा फक्त हप्ता.

शेवटी गाडी विकायची ठरली. जाहिरात आमच्या ह्यांनी लिहिली: उत्तम स्थिती, फार कमी चाललेली, नेहमी छपराखाली उभी, सिंगल ओनर. यातला एकही शब्द खोटा नाही. कुळांचा उल्लेख करायला जाहिरातीत रकाना नव्हता.